रेशमी दोरीच्या अलीकडे

४ फेब्रुवारी १९८८
आलं! रेडिओ केंद्राचं पत्र आलं. ब्रेनरवरच्या भाषणाचा माझा विषय मंजूर — दहा मिनिटं, २ मार्चला प्रसारण. शंभर वर्षांपूर्वी मेलेला पियानोवादक, आणि जळगावातून त्याच्यावर बोलणार मी, जिने पियानो फक्त चित्रात पाहिलाय. आईने विचारलं, पेटीचाच मोठा भाऊ ना? हो म्हटलं.

७ फेब्रुवारी
लायब्ररीतलं पुस्तक तिसऱ्यांदा वाचतेय. बारा वर्षं हा माणूस घोडागाडीत! रोज नवं गाव, रोज वेगळा पियानो — कुठे पट्ट्या अडकलेल्या, कुठे तारा उतरलेल्या. स्वतःची रचना तो कार्यक्रमाच्या शेवटी वाजवायचा. नानांना हे वाचून दाखवलं. तीस वर्षं माझ्या या वडिलांचा लग्नाचा बँड आहे. क्लॅरिनेटची पत्ती तासता तासता म्हणाले, शेवटी कोणी ठेवतं का? तेव्हा लोकांचं लक्ष जेवणावर.

१० फेब्रुवारी
मगनमामांनी धुळ्याचं स्थळ आणलं. मुलगा शिक्षक, त्यांना पदवीधर मुलगी हवीय. आमच्या घरात तशी मीच पहिली. पण मामांनी तिकडे सांगून ठेवलंय की वडिलांचं वाद्यांचं दुकान आहे! नाना समोरच होते. क्लॅरिनेट पुसत राहिले.

१५ फेब्रुवारी
आज मुख्य प्रसंग लिहिला. उमरावांच्या दिवाणखान्यात वादक आणि पाहुणे यांच्यामध्ये रेशमी दोरी बांधत. एकदा वाजवून झाल्यावर ब्रेनर ती ओलांडून सरळ पाहुण्यांच्या टेबलावर जेवायला बसला. त्या घरचं पुन्हा बोलावणं नाही. मला वाचतानाही अभिमान वाटत होता. नानांना नाही.
“चुकना तो,” म्हणाले. “पहिले जेवाले पाहिजे व्हतं. वाजाडी झाल्यावर आपले कोन इचारस?”
मग रावेरच्या एका लग्नाचं सांगितलं. चार पंगती उठेपर्यंत बँडवाले मांडवाबाहेर उभे, नंबर लागला तेव्हा बट्ट्या संपलेल्या, उरलं नुसतं वरण. हसत सांगत होते. मला हसता आलं नाही.
भाषणाच्या शेवटी एक वाक्य घातलं — ही दोरी मला पुस्तकाआधीच माहीत होती, माझे वडील लग्नांत बँड वाजवतात.

१६ फेब्रुवारी
आई रडवेली. “बठ्ठं खरं सांगानी काय गरज शे?” सगळंच कशाला सांगायचं, धुळ्याची मंडळी रेडिओ लावून बसतील म्हणते. मामा म्हणाले, शिकली ती घर बुडवायलाच. वाक्य खोडलं.
तासाभराने पुन्हा लिहिलं.

२४ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. त्या वाक्याला आवाज हलला नाही.

२ मार्च
लागलं! नानांनी ऐकलंच नाही — पहूरला लग्नात वाजवत होते. आई मात्र शेवटपर्यंत रेडिओपुढून उठली नाही. नंतर एवढंच म्हणाली, ते वाक्य जरा सावकाश म्हणायचं होतंस, नीट ऐकू आलं असतं.

९ मार्च
धुळ्याचं पत्र. पसंत आहे! त्यांनी भाषण ऐकलं, रागावलेही नाहीत. उलट लिहितात, लग्नात बाहेरचा बँड कशाला, मुलीच्या वडिलांनीच वाजवावं.
मामा खूश. आईने पत्राची घडी घातली.
पण नाना बँड घेऊन बाहेर उभे, मग मांडवात माझ्याजवळ कोण बसणार?

१० मार्च
नकार मी लिहिला. मामांनी कागद ओढून घेतला. नानांनी तो त्यांच्या हातून काढला, खाली सही केली, आणि नावापुढे स्वतःच लिहिलं — बँडमास्तर.