बांधाच्या पायथ्याची गंगा

कुलस्वामिनीची कृपा लेखणीवर असो. जे दिसले तेवढेच लिहिले जावो.

भाद्रपद शु. ५, ऋषिपंचमी
आमच्या शेतातील खासगी तळे यंदा काठोकाठ. वडिलांनी घातलेल्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी झरा फुटला आहे. व्रताच्या स्नानासाठी बायका नदीवर न जाता तेथेच आल्या. बांधाखाली राहणाऱ्या गिरजाबाईने हळदकुंकू वाहिले. "काका, गंगाच दारात आलीया. आता कशाला नदीला जायचं?" मीही तीर्थ म्हणून ओंजळ घेतली. तळहातावर गाळ राहिला. तेव्हापासून चित्त...

भा. शु. ६
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या स्नेह्यांस बोलावले. त्यांनी झऱ्याचे पाणी तांब्यात धरून ठेवले. तळाशी माती बसली. म्हणाले, "हे पाणी बांध आतून पोखरत आहे." जादा पाणी वाहून जावे म्हणून ठेवलेल्या सांडव्यावर वाळूची पोती रचलेली पाहून विचारले, "हे कोणी केले?"
पुतण्या दिगंबर म्हणाला, "म्याच. उन्हाळ्यात द्राक्षाला पाणी तुमी आणणार व्हय?"
"बांधाची तपासणी कोण करते?"
"आम्हीच," मी म्हणालो.
"शेवटची कधी केली?"
मी दिगंबरकडे पाहिले, तो पोत्यांकडे.
पोती काढा, मोटारी लावून तळे उतरवा, खालचे घर रिकामे करा, असे सांगून गेले.

भा. शु. ७
गिरजाबाई घर सोडीना. "आजच लक्ष्म्या बसल्यात, काका. बसलेल्या देवीला उठवू कशी?"
मी म्हणालो, "देवी माहेरपणाला येते. माझी ओसरीही तिचे माहेरच."
"एका लेकीला दोन म्हायेरं असतेत व्हय?" आणि हसली, पण उठली नाही. घरात तिची नातवंडे. शास्त्रार्थात मी आजवर असा हरलो नव्हतो.
दिगंबरने एक मोटार लावली. पोती तशीच.

भा. शु. ८, सकाळी
झरा कालच्यापेक्षा मोठा. दिगंबरला बांधाखाली नेले, गिरजाबाईच्या दारात उभे केले आणि म्हटले, "आता वर पाहा." सांडव्यावरच्या पोत्यांना टेकलेली पाण्याची कड तिच्या पत्र्याहून उंच. त्याने एकदा पत्र्याकडे, एकदा पोत्यांकडे पाहिले. मग वर जाऊन पोती ओढू लागला.

त्याच दिवशी, सायंकाळी
सकाळचे सारे दारातून पाहिलेली गिरजाबाई लक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे पदराखाली घेऊन आली. "उद्यापातूर आमची लक्ष्मी तुमच्याकडं. आमी मात्र घरीच निजणार." मी म्हणालो, "देवी इथे आणि लेकरे तिथे? हा कुठला धर्म?" ती उंबऱ्यावर थबकली. नातवंडांना आणायला म्हणून गेली आहे. दिवेलागण झाली. अजून आलेली नाही, मीच निघतो.

सांडवा वाहतो आहे. झऱ्याचे पाणी अद्याप गढूळ.

बांधाखाली निजणाऱ्यांना, आणि ही पाने ज्यांच्या हाती पडतील त्या सर्वांना, उशाशी कोरडी भुई आणि निर्भय झोप लाभो.