पिंपाला पाडलेलं भोक

आदरणीय भावोजींना,

मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळवावं. इकडे सगळे ठीक. तुमची गोटी जेवते, झोपते, शाळेत वेळेवर जाते. बोलत मात्र नाही. ताई गेली, तुमची नोकरी फिरतीची म्हणून पोरगी आमच्याकडे आली, तेव्हापासून 'हो', 'नको' आणि 'चालेल' यावरच तिचं भागतं. तुम्ही लिहिलंत की आई गेलेल्या पोरीवर बीजगणिताचं ओझं नको, विषय सोडू दे. वर्गात तिला शिकवणारा मीच, त्यामुळे वाचून जरा लागलं. (राग नाही, खरंच.) पण निर्णय घेण्याआधी मंगळवारची हकीकत ऐका.

हल्ली मी बीजगणित फळ्यावरून खाली उतरवलं आहे. आधी प्रयोग, मग आकडे, मग आलेख आणि समीकरण सगळ्यात शेवटी. (मुख्याध्यापिका याला 'पसारा' म्हणतात.) मंगळवारी घरचं पांढरं प्लास्टिकचं पिंप शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं, तळाशी तापल्या खिळ्यानं भोक पाडलं (हे घरात अजून माहीत नाही), खाली टब ठेवला आणि दर मिनिटाला पाण्याची उंची मोजायला मुलांना बसवलं. एरवी माझ्या तासाला पेंगणारी ही मंडळी पिंपाभोवती अशी दाटली की मलाच पिंप दिसेना. सुरुवातीचे ठिपके अगदी सरळ आले. मला भरून आलं. पट्टी लावून मी रेघ थेट तळापर्यंत ओढली, समीकरण मांडलं आणि जाहीर केलं की तास संपताना पिंप रिकामं होईल.

तेव्हा मागून गोटी बोलली. वर्गात, भावोजी, आणि आपणहून. "मामा, पाणी कमी झालं की धारेचा जोरही कमी होणार. रेघ वाकेल." 'मामा' ऐकून वर्ग खिदळला, आणि मी (काय म्हणावं माझ्या अकलेला) तिला सांगितलं की बोलण्याआधी हात वर करावा. ती खाली बसली. घंटा झाली, मुलं पांगली, मी चहाला गेलो. जिना पुसायला टब हवा होता, म्हणून शिपायाला तो घंटेनंतर उचलायला सांगून ठेवलं होतं. तो बिचारा विचारायला आला की सर, धार तर चालू आहे. मी खिशातून कागद काढला, समीकरण पुन्हा तपासलं आणि म्हणालो, "ती चालू असणं शक्य नाही." त्यानं निमूटपणे टब उचलला.

प्रयोगशाळेच्या बरोबर खाली मुख्याध्यापिकांची खोली आहे. त्या डोक्यावर फाइल धरून बाहेर आल्या तेव्हा माझा चहा अर्धाच झाला होता. धावत वर गेलो, तर पिंपापाशी ओल्या फरशीवर गोटी बसलेली. पुढचा तास बुडवून, गणवेश भिजवून, घड्याळ बघून ठिपके मांडत होती. मी ओरडलो की अगं, भोकाला बोट तरी लावायचंस. ती म्हणाली, "मग ठिपके कसे मिळाले असते?"

रेघ वाकली होती. शेवटाकडे तर पाणी उतरायलाच तयार नव्हतं. मीही तिच्याशेजारी पाण्यात बसलो, आणि शेवटचा ठिपका पडेपर्यंत ती मला समजावत होती. किती बोलली, सांगू! मला रडू आलं. सगळं ओलंच होतं, त्यामुळे निभावलं. तेव्हा तिला विषय सोडायला लावू नका, एवढीच विनंती.

तुमचा मेहुणा

ता. क. यापुढचे प्रयोग मैदानात करावेत असा लेखी हुकूम निघाला आहे.

ता. क. आणखी एक. घरून विचारणा झालीच, तर पिंप तुम्ही मागवून घेतलं असं सांगावं. मोठ्या जावयाला कोणी काही बोलत नाही.

ता. क. पाकीट बंद करायच्या आत गोटीनं पत्र वाचलं. म्हणाली, "बाबांना एवढं लांबलचक कशाला? मला आवडतं, एवढंच लिहा ना." मी लिहितो आहे आणि ती टेबलाशी उभी राहून बघते आहे. वरचं सगळं सोडा. भावोजी, तिला आवडतं.