घरात कोणी गेलंय का

चिंचणी रोड, बोईसर

आदरणीय रखमावन्सं,

टाकी भरून वाहायला लागली होती आणि मी एका हातात खराटा नि दुसऱ्या हातात चिकूच्या पाल्याची पाटी घेऊन मोटर बंद करायला धावत होते, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. (सोजरचा नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी होती. शेकता ना? दाजींनाही नमस्कार.) घर बघायला पहिलं गिऱ्हाईक आलं, ती ही सकाळ.

तेराव्याला शैलेश म्हणाला ते तुमच्यासमोरच. चौदा गुंठ्यांत एकटी काय करणार, बंगला विकू, पुण्याला आमच्याकडे ये. मी मान हलवली. त्या दिवशी माणूस कशालाही मान हलवतो. घर माझ्या नावावर आहे, पण मुलाला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा ते मला सुचेना, आणि शैलेशने एजंट लावून टाकला.

या जितेशने जाहिरात दिली. शांत परिसरातला नवा बंगला, मोठा प्लॉट, समुद्राची हवा. मी चौथी शिकलेली, बाकीचं वाचनालयातल्या पुस्तकांवर, पण लिहिणारा काय झाकतोय ते आता कळतं. समुद्राची हवा म्हणजे सात वर्षांत खिडक्यांचे गज तीनदा रंगवून झाले. शांत म्हणजे हाक मारली तर ऐकायला शेजारच्या एकट्या इंदुबाई, आणि त्यांना ऐकू येत नाही.

पहिले आले ते कारखान्यातले साहेब, बायको आणि आई. साहेबांनी डॉक्टर छाती ठोकतो तशा सगळ्या भिंती ठोकल्या. मी काही लपवलं नाही. मे महिन्यात बोअरचं पाणी मचूळ लागतं, भूकंपाच्या धक्क्याने जिन्याला भेग पडलीय, सगळं सांगितलं. साहेब प्रत्येकाला चालेल म्हणाले. मग त्यांच्या आईने हळूच विचारलं, "घरात कोणी गेलंय का?"

"माझे मालक. त्या खिडकीखालच्या पलंगावर."

म्हातारीने चहा तसाच ठेवला आणि उलटसुलट चपला घालून जी निघाली ती गाडीत जाऊन बसली.

"मावशी, तुमी माझं दुकान बसवाल," जितेश करवादला. "हॉस्पिटलात गेले बोलायचं!"

"कुठल्या, असं विचारलं तर?"

"मोठ्या बोलायचं!"

दुसरं गिऱ्हाईक वास्तुवाल्याला घेऊन आलं. तो होकायंत्र घेऊन तीन तास फिरला. त्याला संडाससुद्धा पसंत पडला. (तुमच्या भावाने तो तीनदा पाडून बांधला होता, आठवतं?) निघताना त्याने तेच विचारलं. जितेश माझ्याआधी ओरडला, "हॉस्पिटलात!" मी म्हटलं, नाही हो, इथेच. सकाळी चहा घेतला आणि उजेडाकडे तोंड करून गेले. होकायंत्र खिशात गेलं.

तिसरी आली वैभवी, रविवारी. दातिवऱ्याची, आता तारापूरला नर्स आहे. नवरा नि दोन मुली. मुली आल्या आल्या चिकूवर चढल्या. तिने काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. ती खिडकीखाली गेली आणि तिने हात जोडले.

"माझी सासू पन घरातच गेली, काकी. माझ्या मांडीवर. नशीब लागतं त्याला." मग घरभर नजर फिरवून म्हणाली, "आमाला पसंत हाय. पन तुमी कुटं जानार?"

इतक्या लोकांनी इतकं विचारलं, हे कोणी विचारलं नव्हतं. चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि पातेल्यातलं पाणी आटेपर्यंत तिथेच उभी राहिले.

तुमची,
सोजर

ता. क. सोजरला वेड लागलं, असं तुम्ही एव्हाना म्हणाला असाल. अकरा दिवस हॉस्पिटलच्या त्या बाकावर तुम्ही माझ्या शेजारी होतात. शेवटी आपल्याला बाहेर काढून पडदा ओढला, तोही तुम्ही पाहिलात. आठव्या दिवसापासून हे म्हणत होते, मला घरी ने, खिडकीखाली टाक. मी रोज म्हणायचे, उद्या. त्या म्हातारीने विचारलं तेव्हा माझ्या तोंडाने त्यांना परस्पर घरी आणलं. मग गिऱ्हाईकं पळायला लागली, तेही मला सोयीचं वाटलं. तुमच्यापासून काय लपवू? पण वैभवीचे जोडलेले हात बघून माझी मलाच लाज वाटली.

आणखी एक. जितेशने सगळं शैलेशच्या कानावर घातलंय. आई बाबांच्या मरणाचं खोटं सांगते म्हणून तो चिडलाय. तुम्हाला फोन करील, आत्या, आईला समजवा म्हणेल. समजावू नका, एवढंच मागते. आणि गुडघा घेऊन महिनाभर इकडे या.

इथवरचं रविवारी रात्री लिहिलं होतं. सोमवारी मी वैभवीला फोन करून खरं काय ते सांगितलं, आणि मग शैलेशला फोन करून सांगितलं की घर विकायचं नाही.