आज जांभळा नाही

गुरुवार, ७ मार्च २०१९

आज टेसासाठी पुन्हा टाळ्या. एकशे अडतीस दिवस नशेच्या गोळीला हात लावला नाही म्हणून! न्यायाधीश टॅकेटबाई खुर्ची सोडून खाली आल्या, तिचा हात हातात घेतला, विचारलं, "दुखरा दात काढलास का?" दात! दहा वर्षांपूर्वी याच खोलीत मला फक्त नाव विचारलं होतं. तेव्हा आमच्या काउंटीत हे नशामुक्तीचं कोर्ट नव्हतं. दोघी बहिणींचा गुन्हा एकच — वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या चोरल्या. मला सव्वीस महिने तुरुंग. धाकटीला उपचार, दर गुरुवारी टाळ्या, वर काचेच्या भांड्यातून बक्षिसाची चिठ्ठी काढायची. आज पिझ्झाचं कूपन निघालं.

मीही टाळ्या वाजवल्या. तिचं लायसन्स काढून घेतलंय, गाडीतून नेणारी मीच. न वाजवून सांगते कुणाला?

शुक्रवार, ८ मार्च

आई सफरचंदाचा थरांचा केक घेऊन आली. टेसासाठी. "बघ तरी, तोंडावर कसं तेज आलंय पोरीच्या." मी सुटले त्या दिवशी आई न्यायला आली नव्हती. बसने आले, कपडे कागदी पिशवीत. आई म्हणाली, "बीन्स शेगडीवर आहेत, वाढून घे." तेवढंच.

केकचे दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता, म्हणून जास्तच राग आला.

रविवार, १० मार्च

टेसाने आयव्हीची खाट रंगवली. पिवळी. तिची पोर तीन वर्षांची, सरकारने एका कुटुंबात सांभाळायला ठेवलीय. टेसाचे दीडशे दिवस भरले की रात्री आमच्याकडे राहू देणार. "अजून नऊ दिवस, व्हर्ली," दिवसातून चारदा तरी म्हणते.

माझा डाल्टन मी सुटले तेव्हा आठचा होता. दारात उभा राहून मला "मॅडम" म्हणाला. आता सोळाचा आहे, अजून त्याच्या बापाकडच्या आजीकडेच राहतो.

लहान पोरीच्या खाटेवरूनही जळणारी बाई! हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलू शकणार नाही.

मंगळवार, १२ मार्च

केलं. लिहून टाकते.

कोर्टातल्या प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो. रोज सकाळी सहाला फोन लावायचा, टेपवरची बाई त्या दिवसाचा रंग सांगते. आपला असला तर सात ते दहाच्या आत जाऊन लघवी तपासायला द्यायची. नाही गेलं, तर नशा केली असंच धरतात. टेसाचा जांभळा. फोन ज्याचा त्याने करायचा, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण ती मेल्यासारखी झोपते आणि मला शाळेच्या स्वयंपाकघरात जायला लवकर उठावंच लागतं, म्हणून फोन मी करते. पहिल्यापासून.

"आजचा रंग जांभळा." दोनदा ऐकला. टेसा दारात उभी, केस पिंजारलेले. "आहे का माझा?"

"आज जांभळा नाही. झोप जा."

गाडी घेऊन निघून आले. शाळेत मुलांच्या न्याहारीच्या पावांचं पीठ लाटलं. नऊ वाजता अजून वेळ होता. साडेनऊलाही होता, जोरात गाडी हाकली असती तर. दहाचं घड्याळ बघितलं आणि हात धुतले.

बुधवार, १३ मार्च

टेसाने सकाळी माझ्यासाठी कॉफी ओतली. मी प्यायले.

गुरुवार, १४ मार्च

टेसाला उभं केलं. टॅकेटबाई म्हणाल्या, "मंगळवारी कुठे होतीस?" मी उत्तर ठरवूनच आले होते — माझं नाव घेतलं, तर सरळ कानावर हात ठेवायचे.

"चूक माझी आहे," टेसा म्हणाली. "झोपून राहिले. फोनच केला नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कबूल केलंस, बरं झालं. पण नियम सगळ्यांना एकच."

रविवारपर्यंत तुरुंग. एकशे पंचेचाळीस दिवसांचे शून्य. तिथेच बेड्या घातल्या. टाळ्या नाहीत.

वाटलं होतं, बघून बरं वाटेल. वाटलंही. तिला दारातून बाहेर नेईपर्यंत.

शनिवार, १६ मार्च

आज आयव्हीच्या भेटीचा दिवस. भेट रद्द झाल्याचं त्या कुटुंबाला कुणी कळवलंच नव्हतं. मला राहवेना म्हणून गेले, तर पोर नवा झगा घालून बसलेली. "ममा?"

"कामाला गेलीय," मी म्हटलं.

डाल्टनला त्याच्या आजीने सव्वीस महिने हेच सांगितलं होतं.

रविवार, १७ मार्च

टेसाला आणलं. लंगडत होती. "तिथल्या चपला वाईट," म्हणाली. मक्याचा पाव दुधात कुस्करून खाल्ला आणि झोपली. पिवळ्या खाटेवर तिने चादर टाकून ठेवलीय.

बुधवार, २० मार्च

आज पुन्हा जांभळा. खरं सांगितलं, स्वतः घेऊन गेले. टेसा आत गेली तेव्हा नावं लिहून घेणाऱ्या खिडकीतली ड्रीमा मला म्हणाली, "आज गाडी चालू झाली वाटतं. गेल्या मंगळवारी बिचारी चालत आली. अकराला पोचली, टाचा सोललेल्या. दहानंतर मला घेता येत नाही गं. म्हणाली, गाडी बिघडली, पण कुणाला बोलू नकोस."

आमच्या घरापासून तपासणीची जागा अकरा मैल आहे.

परतताना गाडी चर्चपाशी बाजूला घेतली. "तुला ठाऊक होतं."

"तू गेलीस की मी रोज फोन करते. आपल्या कानाने ऐकायचं असं शिकवलंय ना."

"मग कोर्टात नाव का नाही घेतलंस माझं?"

"तुझं घर माझ्यासाठी धोक्याचं ठरवलं असतं त्यांनी. बाहेर काढलं असतं मला." मग खिडकीची काच खाली केली. "आणि तू सव्वीस महिने काढलेस, व्हर्ली. मी एकदाही भेटायला आले नाही. तीन दिवसांचं काय एवढं."

किल्ली फिरवली, गाडी घराकडे घेतली.

गुरुवार, २१ मार्च

टेसाचं नाव पुकारायच्या आधी मी उभी राहिले. फोनपासून सगळं सांगितलं. टॅकेटबाईंनी तिचे दिवस परत दिले — एकशे बावन्न. आयव्ही रात्री राहायला येणार, पण माझ्या घरी नाही. टेसाने उद्याच आईकडे जायचं, खाटही तिकडेच.

मी खाली बसले. कुणी माझ्याकडे बघेना. मग टाळी वाजली. एकट्या टेसाची.