गच्चीवरची पार्मेलिया

बाई,

आपलं राज्य परत एकदा विभागलं गेलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "आता पुन्हा कोण कुठं चाललं?" माझा धाकटा मुलगा सरकारी नोकरीत आहे. त्याच्या दफ्तरात सध्या दुसरं बोलणंच नाही, कोण इकडं राहणार आणि कोण तिकडं जाणार एवढंच. परवा इथं हैदराबादेत, दिलसुखनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "आई, तुमच्या टाइमला पण असंच झालं होतं ना? आजोबा-आजी तर औरंगाबादला गेले. मग तू इथं कशी राहिलीस?" मी म्हटलं, "बाईंमुळे." "कोण बाई?" "माझ्या कॉलेजातल्या." "अच्छा, त्या पत्थर के फूलवाल्या?" असं म्हणून त्यानं भात पुढं ओढला. चूक त्याची नाही. मी त्याला कधी नीट सांगितलंच नाही. त्याला सांगायच्या आधी एकदा तुम्हालाच सांगून बघावं, म्हणून बसले आहे.

तुम्ही वनस्पतिशास्त्र उर्दूतून शिकला होतात, वर्गात शिकवायचात इंग्रजीतून, आणि वर्ग सुटला की आम्हा मराठी मुलींना तेच सगळं मराठीतून परत सांगायचात. 'नबातियात' हा त्याचा उर्दू शब्द तुमच्या तोंडून ऐकला की एखाद्या अत्तराचं नाव वाटायचं. दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला बंजारा टेकड्यांवर नेलंत. तेव्हा तिथं बंगले नव्हते. नुसते खडक, कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आणि मध्ये सीताफळाची झुडपं. एका खडकावर पिवळसर हिरवं, कुरळ्या कडांचं काहीतरी पसरलं होतं. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, "शेवाळ." तुम्ही विचारलंत, "ओलं आहे?" मी हात लावून पाहिला. "नाही." "मऊ आहे?" "नाही, कागदासारखं आहे." "मग शेवाळ कशावरून?" तुम्ही पिशवीतली बाटली काढून त्यावर थोडं पाणी ओतलंत, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पोपटी हिरवं होत गेलं, जिवंत झालं. "हा एक जीव नाही, दोन आहेत," तुम्ही म्हणालात. "बुरशी भिंती बांधते, आत शैवाल स्वयंपाक करतं. दोघं मिळून लायकेन." मी तिथंच उकिडवी बसून राहिले. बाकीच्या मुली डबे उघडत होत्या.

त्यानंतर मी प्रयोगशाळेत तुमच्या मागेपुढे करू लागले. तुम्ही नको म्हणाला नाहीत, ये म्हणालाही नाहीत. एक स्टूल तेवढं तुमच्या टेबलाजवळ येऊन राहिलं. भिंगाखाली कसं बघायचं ते तुम्ही दाखवलंत. वरचा रंग, खालचा रंग, खाली काळे मुळांसारखे केस आहेत का, वर खसखशीहून बारीक दाणे उठलेत का. मग पात्याच्या टोकानं वरची साल जराशी खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब. आधी पिवळा होतो, आणि बघता बघता रक्तासारखा लाल. पहिल्यांदा तो लाल पाहिला तेव्हा मी ओरडले होते. त्याच आठवड्यात पुस्तकातलं एक चित्र बघून मी नमुन्याच्या पाकिटावर जातीचं पूर्ण लॅटिन नाव लिहून टाकलं, तेही शाईनं. तुम्ही पाकीट उचललंत, वाचलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "नाव घालायची घाई कुणाला झालीय? बारसं आहे का? दिसलं ते लिही. पार्मेलिया इथपर्यंत मी छातीवर हात ठेवून सांगेन. पुढचं मला माहीत नाही, आणि तुलाही नाही." मी रडले. दुसऱ्या दिवशी स्टुलावर कॅनव्हासचे पांढरे बूट ठेवलेले होते. चपला घालून खडकावर चढते, एखाद दिवशी पाय मोडून घेईल, असं तुम्ही शिपायाशी बोलताना म्हणाला होतात म्हणे. बूट मोठे होते. मी तसं सांगितल्यावर म्हणालात, "वाढशील." मी विशीत होते, बाई. पाय कुठले वाढणार! पुढं कापूस कोंबून मी ते पार फाटेपर्यंत वापरले.

तुमच्या डोक्यात त्या वर्षी एकच होतं. हे दगडावरचं लावता येतं का? रोप लावतो तसं, मुद्दाम, आपल्या हातानं. टेकडीवरचे खडक सुरुंग लावून फोडायला तेव्हाच सुरुवात झाली होती. "फुटलेल्या दगडाबरोबर हे जाणार. निदान त्याचं बी कसं पडतं ते तरी कळू दे," तुम्ही म्हणायचात. कॉलेजच्या गच्चीवर, दक्षिणेच्या कठड्याच्या सावलीत, आपण खडबडीत दगडांची रांग मांडली. पहिल्यांदा तुकडे खळीनं चिकटवले, तर मुंग्यांनी खळीसकट नेले. मग दोऱ्यानं बांधले, ते वाऱ्यानं सुटले. शेवटी तुम्ही ठरवलंत की तुकडे नकोत, वरचे ते बारीक दाणेच घ्यायचे. मऊ कुंचल्यानं ते ओल्या दगडाच्या खाचांत पेरायचे, वर मलमलीचा तुकडा ताणून बांधायचा आणि रोज सकाळी पावसाचं साठवलेलं पाणी शिंपडायचं. नळाचं नाही, ते त्याला सोसत नाही. महिने गेले. दगड दगडासारखेच दिसत राहिले.

आणि मग राज्य तुटायची बातमी खरी ठरली. मराठी जिल्हे तिकडं, कानडी जिल्हे पलीकडं, आणि हैदराबाद आंध्रात. आमचे अप्पा महसूल खात्यात होते. आमच्या तीन पिढ्या इथं, शहरातल्या गौलीगुड्यात गेलेल्या, पण कागदावर गाव मराठवाड्यातलं, म्हणून तबादल्याचा हुकूम औरंगाबादचा आला. घरात सामानाची बांधाबांध सुरू झाली. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तिथं हा विषय मिळेल की नाही कुणालाच माहीत नव्हतं, आणि अप्पांच्या ओळखीत एक स्थळही निघालं होतं. मी तुम्हाला एवढंच सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पाणी शिंपडायला कुणीतरी दुसरं बघा. तुम्ही "बरं" म्हणालात आणि रविवारी सकाळी रिक्षा करून आमच्या दारात उभ्या राहिलात.

आई स्वयंपाकघरात होती. नव्या गावी मसाल्याचं सामान कसं मिळेल या धास्तीनं तिनं अफझलगंजच्या बाजारातून वर्षाचं सगळं आणवलं होतं आणि काळ्या मसाल्यासाठी सुपात निवडत बसली होती. अप्पा तुम्हाला बैठकीत बसा म्हणत होते. तुम्ही सरळ आत आलात आणि आईजवळ पाटावर बसलात. मी दाराशी उभी राहिले. अप्पा उंबऱ्यातूनच बोलू लागले. "बाई, तुमच्याबद्दल मला इज्जत आहे. पण जवान मुलीला एकटी ठेवून कसं जावं? लोक काय म्हणतील?"

"एकटी नाही. माझ्याकडं राहील."

"तुम्हाला कशाला त्रास? तालीम काय, डिग्री तिथूनही होईल."

"त्रास नाही," तुम्ही म्हणालात. "मला ती हवी आहे. माझं काम अडेल."

बाईमाणसाचं काम अडतं आणि त्यासाठी आपली मुलगी लागते, हे अप्पांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. तुम्ही सुपातलं दगडफूल उचललंत, पदराच्या टोकाला बांधलेलं भिंग सोडलंत आणि दोन्ही आईच्या हातात दिलंत. "वहिनी, बघा. वर राखाडी, खाली काळं. आमचं गच्चीवरचं याच्याच भाऊबंदांतलं." आईनं एक डोळा मिटला, भिंग आधी फार लांब धरलं, मग जवळ आणलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर झालर लावल्यासारखं आहे." बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि हे लावता येतं?"

"येतं का ते माहीत नाही. तेच बघतोय आम्ही दोघी."

"आणि ही गेली तर?"

"तर मी एकटी बघीन. पण माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत."

आईनं भिंग परत दिलं, सूप बाजूला ठेवलं आणि अप्पांकडं न बघताच म्हणाली, "राहू द्या तिला. सुरू केलेलं काम आहे." अप्पा म्हणाले, "हौ, तू म्हणतेस तर." आणि बाहेर जाऊन सुतळी बांधायला लागले. माझ्या आयुष्याचा निकाल असा लागला.

अफझलगंजच्या मागे तुमच्या दोन खोल्या होत्या. त्यातली खिडकीची तुम्ही मला दिलीत. तुम्हालाही तिकडं जाण्याबद्दल विचारणा झाली होती, भाऊ लातूरला होता, आणि तिकडच्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, हे मला तुमच्या सहकारी बाईंकडून कळलं. मी विचारलं तेव्हा तुम्ही डाळीला फोडणी देत होतात. "इतके दगड कुठं घेऊन जाऊ?" एवढंच म्हणालात. इथं मात्र प्रमुखपद तुम्हाला कधी मिळालं नाही. नवी माणसं आली, त्यांना तुम्ही माहीत नव्हतात. तुम्ही पन्नाशीला टेकलेल्या, पण पहिल्या वर्षाच्या मुलींसमोर पाटी घेऊन बसलात आणि त्यांच्याकडून तेलुगू शिकलात. त्या तुमच्या उच्चारांना खुदुखुदु हसायच्या, तुम्हीही हसायचात. वर्षभरात तुम्ही त्याच मुलींना खडकावरची पार्मेलिया तेलुगूतून समजावून सांगत होतात.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी मी मलमल उचलली तर एका खाचेत काहीतरी फिकट दिसलं. तांदळाच्या कणीएवढं. तुमची सवय मला लागली होती, म्हणून ओरडले नाही. पाणी शिंपडलं आणि थांबले. ते हिरवं झालं. भिंग लावलं तर त्याला कड होती, आणि कडेला दोन पाळ्या. मी खाली धावत आले. तुम्ही वर्गात होतात. दारातून मी नुसती मान हलवली. तुम्ही खडू ठेवलात, मुलींना "बसा" म्हणालात आणि साडी सावरत जिने चढलात. खूप वेळ वाकून बघितलंत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सरळ उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आता आपण दोघी चहा घेऊ." बस, एवढंच. त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि तुमच्या कपाचा बशीवर होणारा आवाजही.

मी पुढं शिकले, त्याच कॉलेजात लागले, तुमच्या टेबलाजवळच माझं टेबल आलं. लग्न झालं तेव्हा अप्पा-आई औरंगाबादहून आले, आणि मुलीकडच्या रांगेत आईनं तुम्हाला स्वतःच्या शेजारी बसवलं. तुम्ही गेलात त्या वर्षी गच्चीवर नवा मजला चढवायचं ठरलं. मी रजा काढून, टोपलीत गोणपाट घालून, ते दगड शहराबाहेर एका मोठ्या खडकाच्या उत्तरेच्या अंगाला नेऊन चिणून ठेवले. दगडावरून खडकावर ते कधी उतरलं ते मला कळलंही नाही. गेल्या हिवाळ्यात मुलाला गाडी काढायला लावून बघून आले. मधला भाग मरून गळून पडलाय, पण कड चालूच आहे, ताटापेक्षा मोठी गोल, बांगडीसारखी. तुमच्या पार्मेलियाचीही आता वाटणी झालीय, बाई. दगडावरच्या पिवळ्यांना वेगळा वंश मिळाला, झँथोपार्मेलिया. जातीचं नाव मी अजून शाईनं लिहिलेलं नाही. तज्ज्ञांत दोन मतं आहेत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि घरात मराठी अक्षर भराभर वाचणारंही कुणी उरलं नाही, म्हणून मनातलं एक लिहून टाकते. त्या रविवारी दाराशी उभी असताना, अप्पांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. मला आईबरोबर जायचं होतं. दुसऱ्याच्या घरात राहायचं, एकटीनं परीक्षा द्यायची, हे मला नको होतं. तुम्ही अप्पांना विचारलंत, आईला विचारलंत. मला मात्र एकदाही विचारलं नाहीत की तुला राहायचंय का. विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते.

बरं झालं, बाई, विचारलं नाहीत.