दाराच्या कडीला टेप

३ मार्च, सोमवार
दोन्ही बाह्या डाव्या! बावीस वर्षं कात्री धरतेय, असं कधी झालं नव्हतं. बँकेतल्या मॅडमचा कोट. लोकरीचं कापड, लांबून मागवलेलं, तुकडासुद्धा जास्तीचा नाही — आणि मी एक डावी बाही कापली, मग दुसरीही डावीच कापली! दुसऱ्या बाहीला मापाचा कागद पालथा घालायचा असतो, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. घालणारच होते. कागद हातात होता. तेवढ्यात दारातून — "अगं, ऐकतेस का?"

नाही ऐकत! सकाळपासून ऐकतेच आहे. आधी शेजारीण आली, दोन पिना दे. मग फोन — माझी पँट झाली का? नाही झाली! मग काजवाली, बटणं चार भोकांची लावू का दोन भोकांची? आणि वर हे. हे बस डेपोत मेकॅनिक आहेत, दुसऱ्या पाळीला. दुपारी दोनला जातात, रात्री दहाला येतात. म्हणजे सगळी सकाळ घरात, माझ्या पायात पायात.

"साहेबांनी विचारलंय. नव्या डेपोत फोरमनची जागा आहे. दोन वर्षं. इथून बसनं सहा तास. वीस तारखेपर्यंत सांगायचंय. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मला वाटतं दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय. असंच म्हणाले. आणि कात्री चालवली.

मग बाह्या एकावर एक ठेवून बघितल्या. खाली बसले.

ही लेकीच्या शाळेतली उरलेली वही. माझं शिक्षण चौथी. चुकलं तर चुकलं, कोण वाचणार आहे? वहीला तोंड नाही, मध्ये बोलत नाही, एवढं बरं.

५ मार्च, बुधवार
मॅडमना खरं सांगून टाकलं. "चूक माझी. बाहीत जोड देते, शिवण काखेखाली लपवते. नको असेल तर तसं सांगा." मॅडम म्हणाल्या, "तोंडावर सांगितलंत, बरं केलंत. द्या जोड." देवमाणूस!

ह्यांनी परत विचारलं, त्या जागेचं काय. म्हटलं, कोट होऊ दे, मग निवांत बोलू.

९ मार्च, रविवार
लेक आली होती. ती ऑफिसात असते, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहते, रविवारी येते आणि मला शहाणपण शिकवते. बाह्यांचं ऐकून आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, तुझं काम चुकत नाही. तुझं काम तुटतं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी तोडतं." त्यांच्या ऑफिसात एक बाई शिकवायला आली होती म्हणे. कामाच्या वेळी फक्त काम. बाकीच्या वेळी कामाचं नावसुद्धा नाही. जेवण वेळेवर, चालणं वेळेवर, घरच्यांसाठीही वेळ ठरलेली.

"आणि लोकांनी ऐकलं नाही तर?"

"खूण ठेव. दिसली की कुणी बोलायचं नाही."

माझी जुनी पिवळी टेप — पहिले दोन इंच झिजलेत, मापाला चालत नाही — ती बाहेरून दाराच्या कडीला बांधली. टेप असेल तर दार वाजवायचं नाही. आग लागली किंवा रक्त आलं तरच. ह्यांनी विचारलं, "थोडंच रक्त आलं तर?" लेक परत हसायला लागली.

वेळापत्रक केलं आणि भिंतीला लावलं. नऊ ते एक टेप. एक ते दोन जेवण. दोन ते पाच टेप. सहाला तळ्याकाठी दोन फेऱ्या. सात ते आठ घरच्यांशी बोलायचं. दहाला झोप.

ह्यांनी ते उभं राहून दोनदा वाचलं.

१० मार्च, सोमवार
पहिला दिवस. चार तास कुणी हाक मारली नाही! शांतता अशी की कात्रीचा आवाज वेगळा येतो — खर्रऽ खर्रऽ. कापड हाताखालून सरकतं, खडू आपोआप चालतो. किती वाजले ते पोटानं सांगितलं. मॅडमचा कोट आज उभा राहिला. जोड मलाच सापडेना!

संध्याकाळी काजवालीबरोबर तळ्याकाठी गेले. डोकं हलकं. घरी येऊन जेवले, भांडी आवरली, पाय वर करून बसले. हे असं जगता येतं? मग बावीस वर्षं कुणी अडवलं होतं?

१२ मार्च, बुधवार
मॅडम कोट घालून आरशापुढे गोल फिरल्या. आणि जाता जाता मोठं काम देऊन गेल्या! त्यांच्या भावाचा बँड आहे — समारंभात वाजवतात ना, तसला. तीस कोट, लाल, सोनेरी पट्टीचे. महिनाअखेर.

वेळापत्रकात घरच्यांशी बोलायचं लिहिलंय, पण सातला घरात असतं कोण? मी आणि मशीन. मग त्या तासात पट्ट्या कापून ठेवते.

१४ मार्च, शुक्रवार
ह्यांनी नवीनच काढलंय. बोलायचं नाही ना? मग दाराखालून चिठ्ठ्या सरकवतात! डेपोच्या जुन्या पावत्यांचे कागद, एका बाजूला कोरे. "मीठ संपलं." "पाणी अकराला जाणार." "तुझा चहा झाकून ठेवलाय, गार होतोय." अक्षर सुरेख आहे माणसाचं. तरुणपणी कधी चिठ्ठी लिहिली नाही, आता मिठाची लिहितात!

उचलते आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकते. लिहायला कागद होतो.

१६ मार्च, रविवार
सकाळी फेरी मारून आले तर हे माझ्या कापायच्या टेबलाखाली शिरलेले. फक्त पाय बाहेर! "काय शोधताय?" तर म्हणे काही नाही. बाहेर आले आणि टेबलावरून हात पसरत पसरत निघाले, अंगठा आणि करंगळी, अंगठा आणि करंगळी, लहान मूल करतं तसं. मी ओरडले, "ग्रीसचे हात! वर लाल कापड पसरायचंय!" हात मागे घेतले. आत जाऊन साबणानं धुतले, मला ऐकू येईल असे.

लेक म्हणाली, "बाबा जरा गप्प आहेत का गं?" म्हटलं, गप्प असणं हाच नियम आहे घरात. तूच केलास.

१८ मार्च, मंगळवार
ह्यांनी रजा घेतली. पहाटे गेले, रात्री उशिरा आले. "कुठं गेला होतात?" "डेपोच्या कामाला." रजा घेऊन डेपोचं काम! असो. मला पूर्ण दिवस मोकळा मिळाला. नऊ कोटांचं अस्तर लागलं.

२० मार्च, गुरुवार
आजच्यासारखा दिवस नाही. बारा कोट कापून झाले, एक टाका उसवावा लागला नाही. बँडमास्तर स्वतः माप द्यायला आले. पोट असं की टेप मागून फिरवून पुढे आणेपर्यंत मी दोनदा दमले. म्हणाले, "ताई, थोडं कमी लिहा, मी बारीक होणार आहे." म्हटलं, बारीक व्हा, मग आत घेऊन देईन, आधी श्वास सोडा! वही कपाटात होती, उठायचा कंटाळा. सकाळी दाराखालून आलेली चिठ्ठी समोर पालथी पडलेली, तिच्यावरच लिहिलं. छाती अठ्ठेचाळीस, पोट चोपन्न. ड्रॉवरमध्ये टाकली.

तिकडे काय लिहिलं होतं बघितलं नाही. साखर असणार. आणून ठेवली.

ह्यांच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं ना कधीतरी? पंचवीस तारीख बहुतेक. रविवारी बोलू.

२२ मार्च, शनिवार
काजवाली कोट न्यायला आली, दारातूनच — "वहिनी, पेढे-बिढे काही आहे का नाही? दादा फोरमन झाले म्हणे! माझा डेपोतला दीर सांगत होता. एक तारखेपासून तिकडे!"

मी म्हटलं, हो, झाले. तिच्यासमोर काय बोलणार? बटणं मोजून दिली. चार भोकांची.

मग बँडमास्तरांचं माप बघायला ड्रॉवर उघडला. चिठ्ठी उलटी करून बघितली.

"आज शेवटचा दिवस. चार वाजता साहेबांना सांगायचं आहे. तू नको म्हणालीस तर नाही सांगतो. दोनच्या आत काहीतरी बोल. दार वाजवत नाही, टेप आहे."

मागे अठ्ठेचाळीस, चोपन्न. माझं अक्षर.

दोनच्या आत. म्हणजे नऊपासून हा माणूस दाराबाहेर होता. आणि मी आत एका परक्याच्या पोटाभोवती टेप फिरवत हसत होते. त्याला बरं आत यायला मिळालं! गिऱ्हाईक होता ना.

आज टेप लावली नाही. काजवालीनंतर कुणी आलंही नाही.

२३ मार्च, रविवार
लेकीला कळवलं, आज येऊ नकोस. टेप स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून बांधली, ह्यांना आत घेतलं, दार लावलं. दोन कप चहा. बँडवाला आला तरी उघडणार नव्हते.

"मला न सांगता हो म्हणालात?"

"सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा लिहून."

"हाताला धरून हलवायचं होतं!"

"आग नव्हती. रक्तही नव्हतं." चिडून नाही म्हणाले. त्यांना चिडता येत नाही, तोच तर त्रास आहे. "तू गप्प होतीस. मला वाटलं, हिचं छान चाललंय, मी नसलो तर आणखी छान चालेल."

थोडं खरं होतं ते. हे नसले की मी जास्त कोट कापते. अठरा तारखेला वहीत लिहिलंय तसं.

मग वेळापत्रकाचं निघालं. म्हटलं, सात ते आठ ठेवला होता की वेळ. तर म्हणाले, "सातला मी बसखाली असतो गं."

सव्वीस वर्षं ह्यांची पाळी मला पाठ आहे. डबा मीच भरते. आणि त्यांची वेळ त्यांच्याच पाळीत लिहून भिंतीला लावली. हीसुद्धा डावीच बाही.

विचारलं, जायचंय का तुम्हाला? कप बाजूला सरकवला. "फोरमन व्हायचंय. जायचं असं काही नाही." पुढे म्हणाले, शुक्रवारी तिकडे जाऊन कागदांवर सही करायची. तोवर मागे घेता येतं. मग हळूच — "मंगळवारी तिकडेच गेलो होतो. खोली बघून आलो."

खोली बघून आलो! म्हणजे सगळं ठरलेलं. एका माणसाची खोली, एक खाट, एक खिळा शर्टाला. उठले आणि कप धुतले. पुढचं काही ऐकलं नाही. दार उघडून टेप काढली आणि परत माझ्या दाराला बांधली.

२५ मार्च, मंगळवार
दिवसभर टेप. दिवसभर शांतता. चार कोट झाले, दोन उसवले. शांतता तीच आहे, कात्री तीच आहे. दाराखालच्या फटीकडे बघत बसते.

चिठ्ठी नाही. मीठसुद्धा संपत नाही घरात.

माझी गिऱ्हाइकं इथं, काजवाली इथं, लेक इथं. बावीस वर्षांचं टेबल. ते काय पिशवीत घालून नेता येतं?

२६ मार्च, बुधवार
सकाळी साडेनऊला फटीतून कागद आला. कात्री ठेवली. उभ्या उभ्या वाचला.

"त्या दिवशी तू पुढचं ऐकलं नाहीस. खोल्या दोन आहेत. बाहेरच्या खोलीत मोठी खिडकी आहे, टेबल लावलं तर उजेड तुझ्या डाव्या हाताला येतो, कात्रीची सावली पडणार नाही. तुझं टेबल माझ्या साडेनऊ विती आहे, भिंत अकरा विती. टेप दाराला होती म्हणून वितीनं मोजलं. टेबलाचे पाय सुटतात, खाली चार बोल्ट आहेत, बघून ठेवलेत. लेकीला तिकडे यायला थेट बस आहे. येतेस का?"

तीनदा वाचलं. मग कडीची टेप सोडायला निघाले — नको, ती दोन इंच खोटं बोलते. गळ्यातली चांगली काढली. कागदाच्या मागे लिहिलं, टेप सपाट दुमडून तिच्याभोवती तो गुंडाळला आणि दाराखालून बाहेर सरकवला. बाहेर पाय दिसत होते. हलत नव्हते.

"खिडकी जमिनीपासून किती उंच? दार किती रुंद? प्लग कुठल्या भिंतीला? शुक्रवारी जाल तेव्हा नीट मोजा, विती चालणार नाहीत. पोस्टानं काज होत नाहीत, तर तिकडे काजवाली आहे का तेही बघा. उत्तर शनिवारी सकाळी नऊच्या आत पाहिजे. तोंडी."