जनरल थॉर्नबीची हजेरी

चंदीगड, १ फेब्रुवारी १९८८

त्या सकाळी मी तांदूळ निवडले, बंब पेटवला, यांचे लोकरीचे मोजे धुऊन दोरीवर टाकले. हे सुट्टीवर घरी यायचे होते. पंजाबात बस अडवून यांना खाली उतरवून मारलं, ही तार दुपारी आली. दोन वर्षं झाली.

नवी वही आहे, तर चांगलंही लिहावं. आज इथे आले. सेक्टर आठमधला बंगला, अंगणभर ऊन, गुलाब. निवृत्त कर्नल शशिकांत शिर्के आमच्या साताऱ्याकडचेच. मराठा पलटणीच्या थॉर्नबी नावाच्या जुन्या इंग्रज जनरलचं चरित्र लिहितायत. नजर अधू झाली, म्हणून पलटणीचे मराठी हजेरीपट वाचायला मी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं माझं मी वाचलं, असं सांगितलं. हसून म्हणाले, जनरलही बेताचाच शिकलेला, बाई, तरी बघा कुठे पोचला! साहेबांची सून रागिणी हिंदीत पुटपुटली, या घरात जिवंत माणसांपेक्षा त्या गोऱ्याचाच थाट जास्त.

३ फेब्रुवारी

लेफ्टनंट थॉर्नबीची एकोणीस माणसं पडली, तो कॅप्टन झाला. चाळीस पडली, मेजर झाला. ब्रह्मदेशात एकशे सात, मग कर्नल. त्याच्या अंगावर ओरखडा नाही. साहेब याला कर्तबगारी म्हणतात. मी पडलेल्यांची नावं गावासकट मोठ्याने वाचते.

विलासचं पत्र आलं. माझा एकुलता, यांच्याच पलटणीत शिपाई. शनिवारी बसने भेटायला येतोय. येऊ नको, असं लिहिलं, पण पत्र वेळेत पोचायचं नाही.

४ फेब्रुवारी

भर दुपारी एका नावाला खोलीतूनच उत्तर आलं. हाजिर साब. शिर्केसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही, म्हातारा मी की तुम्ही?

५ फेब्रुवारी

आज प्रत्येक नावाला उत्तर. शेवटच्या पानावर, त्याच विटक्या शाईत, नायक एकनाथ निगडे. हे. वाचायला नको होतं. वाचलं. यांचाच आवाज, थोडा घोगरा. मी पदर तोंडात धरला. साहेब विचारत राहिले, का थांबलात.

खाली अजून एक ओळ होती. शिपाई विलास एकनाथ निगडे.

हजेरीपट मिटला. खुर्चीमागे बूट येऊन थांबले. साहेबांचे नव्हेत —

६ फेब्रुवारी, शनिवार सकाळ

ते बूट आता माझ्या दारात. विलास बसमध्ये असेल.

हे सांगायचे, गडी उशिरा आला की शेजारचा त्याच्या नावाला ओ देतो. मोजणी भरली की साहेब पुढे जातो. माणूस कोण, ते बघत नाही.

आता थॉर्नबी स्वतःच वाचतोय. परक्या जिभेवर माझ्या लेकाचं नाव —

मी म्हणाले. हाजिर साब.

७ फेब्रुवारी

विलास काल सुखरूप पोचला. रागिणीला विचारत होता, आई कुठे आहे. मी समोरच होते. दोनदा हाक मारली. दोनदा माझ्यावरून नजर गेली त्याची.

आज सकाळी मी यांच्या शेजारी रांगेत उभी राहिले. नावं सुरू झाली, आणि माझ्या लेकाच्या नावाला मी —